मूठ काढलेला सुरा

१

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कान्हूनं लोहारशाळेचं कुलूप काढलं, तेव्हा सुभेदारांचा सुरा ऐरणीवर दोन तुकडे होऊन पडला होता.

दोन्ही तुकडे एकमेकांना भिडवून ठेवलेले होते. शेजारी शिसवाची मूठ होती. तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कुणीतरी ती नीट बाजूला ठेवली होती.

कान्हू बराच वेळ ते तुकडे दारातल्या उजेडात धरून बघत राहिला. मग त्यानं ते होते तसे ठेवले आणि मागच्या घरात जाऊन आपल्या उस्तादाला, पुंडलिक पांचाळाला, बोलावून आणलं.

मुंबई राज्याचं महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. रोह्यात पुंडलिकच्या तोडीचा लोहार नव्हता आणि ही गोष्ट खुद्द पुंडलिकला चांगली ठाऊक होती. विळे, कोयते, नांगराचे फाळ तो करायचाच. पण जोहराचं पातं, म्हणजे ज्याच्या अंगावर पाण्यासारख्या लहरी दिसतात ते पोलाद, फक्त त्याच्या घराण्यात होत असे. झिजलेल्या कानशींचं कडक पोलाद आणि मऊ लोखंड थरावर थर रचायचं, भट्टीत लालभडक करून घणाखाली एकजीव करायचं, पिळायचं, दुमडायचं, पुन्हा घणाखाली घालायचं. शेवटी घासूनपुसून हिराकशीचं पाणी लावलं की आतले थर पात्यावर उमटून येतात. दोन पात्यांच्या लहरी कधी सारख्या निघत नाहीत. पुंडलिक म्हणायचा, "ही नक्षी मी काढत नाय. मी फक्त तिला वाट करून देतो." असं म्हणतानाही त्याची छाती फुगलेली असायची.

हा शिकारी सुरा कोलाडकडच्या सुभेदार हैबतरावांसाठी होता. पलटणीतून निवृत्त होऊन आलेला माणूस. वालाच्या शेतात रानडुकरं शिरली की आसपासची गावं त्यांनाच बोलावत. जखमी डुकराच्या मागे करवंदीच्या जाळीत शिरायची हिंमत त्यांच्याखेरीज कुणात नव्हती, आणि जाळीत बंदूक फिरवता येत नाही. तिथे हातातल्या पात्यावर जीव असतो. सगळा हिवाळा पुंडलिक त्या पात्यामागे होता, आणि कान्हूनं त्याला शिसवाची मूठ घडवली होती, हाताच्या पकडीत बसेल अशी, मध्ये किंचित फुगीर.

पुंडलिकनं ऐरणीवर नजर टाकली, शाबूत मूठ बघितली, आणि समोरचं फडकं उचलून तुकड्यांवर टाकलं. जवळ जाऊन बघितलंसुद्धा नाही.

"तुझी मूठ तेवढी जपलीस," तो कान्हूला म्हणाला. "किल्ली ठेव आणि चालता हो."

लोहारशाळेच्या दोनच किल्ल्या होत्या. एक घरात खुंटीला, दुसरी कान्हूकडे. कान्हूनं आपली किल्ली ऐरणीवर ठेवली आणि शेजारच्या वरशाची, आपल्या गावची, वाट धरली.

दुपारपर्यंत गावभर झालं. त्याच दिवशी पुंडलिकच्या बायकोनं, कृष्णाबाईनं, पेणच्या एसटीच्या कंडक्टरपाशी निरोप दिला, "पेणला गणपतीच्या कारखान्यात मोरू जमादार बसतो. त्याला म्हणावं, बहिणीनं बोलावलंय. कान्हूनं केलं नाय हे, पन माझं हितं कुनी ऐकत नाय."

२

मोरू जमादार म्हणजे मोरेश्वर काळुराम म्हात्रे. खाडीकाठच्या आगरी घरात जन्मला, पोलिसात शिपाई म्हणून लागला, जमादार होऊन निवृत्त झाला. नोकरीतली मधली वर्षं त्यानं रोह्यात काढली होती. पांचाळांच्या शेजारच्या खोलीत राहायचा. कृष्णाबाईला सख्खा भाऊ नव्हता. पहिल्याच दिवाळीला तिनं त्याला ओवाळलं, आणि तेव्हापासून भाऊबीज चुकली नव्हती. आता तो मेहुण्याच्या कारखान्यात मूर्तींच्या मातीवर देखरेख करायचा आणि मनातून कंटाळलेला असायचा. निरोप मिळाल्यावर त्यानं हात धुतले, टोपी घातली आणि मिळेल ती गाडी पकडली.

लोहारशाळेच्या दारात उभं राहून त्यानं हाक मारली, "भावोजी."

पुंडलिक विझलेल्या भट्टीकडे तोंड करून बसला होता. त्यानं मान वळवली नाही. माणूस फार दुखावलाय, जमादाराच्या मनात आलं. तो आत जाऊन समोर बसला, तेव्हा पुंडलिकनं वर बघितलं.

"आलास. बरं झालं. कान्हूला ठाण्यात घालायचा का नाय, ते तूच सांग."

"आधी सुरा बघू द्या."

"त्या फडक्याखाली हाय. तू बघ. मला बघवत नाय."

"तुम्ही अजून बघितलाच नाय?"

"सोमवारी," पुंडलिक म्हणाला. "सुभेदार सोमवारी येनार न्यायला. काय तोंड दाखवू?"

विचारलं एक, उत्तर आलं दुसरंच. जमादारानं ते तसंच सोडून दिलं आणि उठून कामाला लागला.

शेगड्याच्या, म्हणजे पातं आवळून धरायच्या लोखंडी पकडीच्या, दोन्ही जबड्यांवर चामड्याचे तुकडे लावलेले होते. पात्याला चरे पडू नयेत म्हणून लोहार लावतात तसे. मोडायचंच होतं तर चरे पडले काय आणि न पडले काय? मुठीच्या पितळी खिळ्यांची डोकी कानशीनं हळूहळू घासून काढली होती आणि खिळे बारीक पोगरानं, म्हणजे लोखंडी टोच्यानं, मागून ठोकून बाहेर काढले होते. घाईत असलेल्या माणसाचं हे काम नव्हतं.

"कान्हूशी तुमचं काही वाजलं होतं का?" त्यानं पुंडलिकच्या समोर येऊन विचारलं.

"पाणी देताना." पुंडलिकचे डोळे जमादाराच्या तोंडावर खिळलेले होते. "तापलेलं पातं पाण्यात बुडवतात ना, त्याच्यावर सगळं असतं. तो म्हनाला, काका, थंडीचे दिवस हायत, नदीचं पाणी बर्फागत झालंय, जरा कोमट करून घेऊ. मी म्हनलं, तू मला शिकवनार? माझ्या बापानं ह्याच पाण्यात पाती विझवली. तो रागानं निघून गेला. त्या दिवशी परत आलाच नाय."

"म्हणजे पाणी दिलंत तेव्हा तो नव्हता?"

"नव्हता. दुसऱ्या दिवशी आला गुमान, आणि मूठ करायला बसला. मी समजलो, विसरला. मनात धरून बसला होता."

"आणि अमावास्येला तुम्ही कुठे होता?"

"अमावास्येला भट्टी बंद असते आमची. मी सुभेदारांच्या गावाला गेलो होतो, सुरा तयार हाय म्हनून सांगायला. संध्याकाळी आलो. सकाळी हे."

कृष्णाबाई चहा घेऊन आली. ती पुंडलिकच्या पाठीमागच्या दारानं आली, वळसा घालून त्याच्या समोर उभी राहिली आणि मग म्हणाली, "चहा घ्या." तिचा चेहरा ओढलेला होता.

जमादारानं पाठ फिरवून फडकं उचललं. तुटलेल्या जागी पोलाद करडं, दाणेदार, लखलखीत होतं. पण पात्याच्या पाठीला, धारेच्या उलट बाजूला, नखाएवढ्या जागेत, ते लखलखत नव्हतं. तिथे ते काळपट जांभळं होतं.

त्यानं तो तुकडा कुणाला न दाखवता रुमालात बांधून खिशात घातला.

३

शेजारची धोंडुबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. जमादाराला तिनं लांबूनच ओळखलं.

"तुमी येनार हे मी कालच बोलले. बसा." तिला बोलायला निमित्त नको असायचं. "त्या कान्हूचं मला वाईट वाटतं. पोरगा सरळ हाय. पन पुंडलिकचा ताठा तुमाला म्हायतीय ना? हल्ली तर हाक मारली तरी मान वळवत नाय. आमी काय त्याच्या दारात भीक मागतो? परवा पाठीमागनं म्हनलं, पुंडलिकभाऊ, विळ्याला धार लावून द्या. माझ्याकडं बघितलं पन नाय. मोठा कारागीर झाला ना."

"अमावास्येला दुपारी तू घरातच होतीस?"

"जानार कुठं? आन ऐका, त्या दुपारी सखा आलेला. पुंडलिकचा धाकटा भाऊ, कोलाडला हायवेवर ट्रकचं काम करतो तो. दोघं वेगळे झाले तवापासनं तो ह्या दारात पाय ठेवत नव्हता. मी डोळ्यांनी बघितला. लोहारशाळेच्या दारापाशी घुटमळला आन गेला."

"आत गेला?"

"ते मी नाय बघितलं. मी वाल सोलायला मागं गेले. पन मग आवाज आला."

जमादारानं सुपावरची नजर उचलली. "कसला आवाज?"

"लोहारशाळेतून. दार लावलेलं, भट्टी बंद, आन आतून ठप्प, मग गप्प. परत ठप्प, मग गप्प. हातोडीचं काम नव्हे ते. आपण बाजारात मडकं घेताना बोटानं वाजवून बघतो ना, तसं कायतरी. थोडा वेळ चाललं. मग कडाक, आन मग कायच नाय." धोंडुबाईनं एक खडा निवडून बाहेर टाकला. "मी हे पुंडलिकला सांगायला गेले. तो म्हनला, सोमवारी. मी म्हनलं, जा मरा."

४

कान्हू वरशाला आपल्या अंगणात कुदळीचा दांडा तासत बसला होता. जमादाराला बघून उठला, पाणी आणून दिलं आणि पुन्हा तासायला बसला. त्याची म्हातारी आई दारात उभी राहून ऐकत होती. गावात काय बोललं जातंय ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तू मोडलास का?"

"नाय."

"मग भावोजींना तसं का सांगितलं नाहीस?"

"त्यांनी विचारलं कुठं?"

"मी विचारतोय. त्या सकाळी ते तुकडे आधी तुझ्याच हाती लागले. काय बघितलंस?"

कान्हूचा हात थांबला. "जमादार, मला ठाण्यात न्यायचं तर न्या. त्या तुकड्यांवर मी बोलनार नाय. मी त्यांच्या हाताखाली शिकलो. त्यांचं नाव खाली जाईल असं माझ्या तोंडातून काय निघायचं नाय."

"म्हणजे बोललास तर त्यांचं नाव खाली जाईल?"

कान्हूच्या लक्षात आलं की आपण जास्त बोललो. त्यानं ओठ मिटले आणि परत तासायला लागला. त्याची आई म्हणाली, "बोल रं, तुझ्या नावाचं काय?"

जमादार तिथून सरळ कोलाडला गेला. सखाचं दुकान हायवेला लागूनच होतं. आत एका ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे उघडून ठेवले होते, आणि सखा गुडघ्यावर बसून त्यांतला तडकलेला पाटा निवडत होता.

"अमावास्येला गेलो होतो," त्यानं आढेवेढे न घेता सांगितलं. "सुभेदार इथून जाताना बोलले, तुझ्या भावानं असा सुरा केलाय की बघत राहावं. मला राहवलं नाय. बघावा म्हनून गेलो. दाराला कुलूप. वैनीला हाक मारावी तर तोंड नव्हतं. परत आलो."

"भावाचं काम मोडावं असं वाटलं नाय?"

सखानं पाटा खाली ठेवला. "आमचं भांडण घरातलं. पातं बापाच्या विद्येचं हाय. ती विद्या माझी पन हाय, मी पाटे ठोकत बसलो तरी. बापाच्या विद्येवर मी हात टाकीन का?"

जमादारानं रुमाल सोडला. "मग मला एवढंच सांग. तुटलेल्या जागी हा डाग कसला?"

सखानं तुकडा उजेडात धरला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं.

"पाणी दिल्यावर पातं काचेगत ठिसूळ असतं," तो सावकाश म्हणाला. "म्हनून ते परत मंद आचेवर धरतात. त्या आचेनं पोलादावर रंग चढतो, पिवळा, मग जांभळा, मग निळा. वरचा रंग घासून निघतो. हा रंग आत हाय, तुटलेल्या अंगावर. थंड पातं मोडलं तर आतून ते असं जांभळं कसं निघेल?"

"म्हणजे?"

"म्हणजे आचेवर धरलं तेव्हाच तिथं चीर होती. पाणी देताना गेलेली. केसाएवढी. वरून जोहराच्या लहरीत लपून गेली." सखानं तुकडा परत दिला. "हा सुरा घेऊन सुभेदार जाळीत शिरले असते, तर जमादार, आपण आता त्यांच्या घरी बसलो असतो, पांढरे कपडे घालून. पन मला एक कळत नाय. दादा पातं वाजवल्याशिवाय मूठ लावायला देत नाय. चिरलेलं पातं वाजत नाय, ते बद्द बोलतं. पोराला पन कळेल. दादाला कसं नाय कळलं?"

५

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार लोहारशाळेत आला. पुंडलिक तसाच भट्टीकडे तोंड करून बसला होता. या वेळी जमादार दारातच थांबला.

"भावोजी," तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "सुभेदार आलेत."

पुंडलिक हलला नाही.

"भावोजी, तुमच्या पायापाशी साप हाय."

पुंडलिकनं भट्टीतली राख काडीनं सारखी केली.

मागच्या दारातून कृष्णाबाई चहा घेऊन आली. नेहमीसारखी वळसा घालून त्याच्या समोर उभी राहिली, त्यानं वर बघेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "चहा घ्या." तेवढ्यात तिची नजर वर गेली. दारात भाऊ उभा होता. तो किती वेळचा उभा असेल, हे तिला त्याच्याकडे बघूनच कळलं.

ती आत निघून गेली. जमादार अंगणातून वळसा घालून मागच्या पडवीत गेला, तेव्हा ती भिजवलेले वाल पुढ्यात घेऊन बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर टेकला.

"कृष्णे, मी बोलतो, तू ऐक. चुकलं तर सांग."

ती वाल सोलत राहिली.

"ज्यानं सुरा मोडला त्यानं आधी मूठ काढली. सगळ्यांना वाटलं मूठ वाचवायला. पण मूठ असली की पातं मोकळं वाजत नाय. ती काढली ती वाजवून बघायला. धोंडुबाईनं तो आवाज ऐकला. म्हणजे मोडणाऱ्याच्या मनात आधीपासून संशय होता, आणि नुसत्या संशयावर मोडायचं नाय एवढी त्याला चाड होती. खात्री करून घेतली, मगच मोडला. चामडं लावून, आदबीनं. वैरी असं करत नाय."

"मग?"

"आधीपासून संशय कुणाला येईल? पाणी दिलं त्या दिवशी भावोजींनी नेहमीसारखं पातं वाजवलं असणार. ते ज्याच्या कानावर पडलं त्याला. कान्हू भांडून गेला होता. त्यानं ऐकलं असतं तर असल्या पात्याला मूठ करायला बसला नसता. सखा गावात नव्हता. राहिले दोघंच. एक भावोजी, त्यांनी वाजवलं आणि त्यांना काही खटकलं नाय. आणि दुसरं कोण, तर स्वयंपाकघरात बसलेलं, भिंतीच्या पलीकडे, जन्मभर तोच आवाज ऐकत आलेलं. घरातली किल्ली तिथल्याच खुंटीला असते, आणि लोहारशाळेचं मागचं दारही तिथंच उघडतं."

कृष्णाबाईचे हात थांबले.

"हितंच थांबता आलं असतं मला," जमादार म्हणाला. "पण मोडायचं कशाला? नुसतं सांगायचं, पातं चिरलंय म्हणून. कान्हू तोंडावर बोलायला घाबरत नाय, पाण्यावरून बोललाच होता. सखाही बोलला असता. हे ज्याला बोलता येत नव्हतं, त्याला त्याच्याबरोबर दुसरंही काहीतरी बोलावं लागलं असतं. ते काय, ते मी आत्ता दारात उभं राहून बघितलं. गाव त्यांना ताठ म्हणतंय. त्यांना ऐकू येत नाय. किती दिवस झाले?"

"गेल्या पावसाळ्यापासनं जास्तच झालं," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "आधी मला पन वाटलं, लक्ष नाय. मग कळलं, ते तोंडाकडं बघून उत्तर देतात. त्यांना वाटतं मला म्हायती नाय. मी पन तसंच दाखवते. पातं अजून वाजवतात, कानाशी धरतात, मान हलवतात. सवयीनं."

"मग सांगायचं होतंस गो."

"कसं सांगू? मामंजींना ऐकू येईना झालं, त्या दिवशी त्यांनी हातोडा खाली ठेवला. म्हनाले, ज्याला पोलाद ऐकू येत नाय त्यानं भट्टीला हात लावू नये. ओट्यावर बसले ते परत उठले नायत. वर्षाच्या आत गेले. हे माझ्या देखत झालं, दादा. ह्यांच्या पन देखत झालं." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "मला वाटलं, मोडल्यावर म्हनतील, ठीक, दुसरा करू. कान्हूवर नाव जाईल हे ध्यानातच आलं नाय. मी सांगत होते, तो नाय, तो नाय. पन मग कोन, ते सांगायला तोंड उघडत नव्हतं. म्हनून तुला बोलावलं. तू शोधशील हे ठाऊक होतं. फुटका सुरा ह्यांच्या नावानं बाहेर जाऊन माणूस मेला असता, तर मी ह्या गावात तोंड वर करून चालले नसते. मोडला त्याचं मला वाईट वाटत नाय. परत मोडीन."

जमादारानं आयुष्यात पुष्कळ कबुल्या ऐकल्या होत्या. इतक्या ताठ मानेनं दिलेली एकही नव्हती.

"आता त्यांना मी सांगू की तू?" त्यानं विचारलं.

ती उठली. हात धुतले, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मी सांगते. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकायचे नायत."

६

ती पुंडलिकसमोर जाऊन उभी राहिली. जमादार दाराशीच थांबला. कृष्णाबाई हळूहळू, एकेक शब्द ओठांवर दिसेल असा बोलली. सुरा मी मोडला. का मोडला. तुम्हाला ऐकू येत नाय हे मला म्हायती हाय. शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज एकदाच हलला, पण तो काही त्याला ऐकू गेला नाही.

पुंडलिक बसलेला उठला. जमादार नकळत एक पाऊल पुढे आला. पण पुंडलिकनं फक्त हात पुढे केला.

"तुकडा दे."

जमादारानं रुमाल सोडून तुकडा त्याच्या हातात ठेवला. पुंडलिकनं तुटलेली बाजू उजेडाकडे केली आणि पहिल्यांदाच बघितली. फार वेळ लागला नाही. त्या जांभळ्या डागावरून त्यानं अंगठा फिरवला.

"पाणी थंड होतं," तो म्हणाला. "कान्हू बरोबर बोलला होता."

मग तो बायकोकडे वळला. "सुभेदाराचा जीव वाचवलास तू. माझं नाव पन." तुकडा ऐरणीवर ठेवून म्हणाला, "मला सांगायला हवं होतंस. मी रागावलो असतो. पन सांगायला हवं होतंस."

"मामंजींसारखे ओट्यावर बसला असता."

पुंडलिकनं ते तिच्या ओठांवर वाचलं. टोपी घातली आणि चालायला लागला. जमादार मागे गेला. वाटेत धोंडुबाईनं हाक मारली. पुंडलिक थांबला नाही, पण जमादारानं वळून तिला सांगितलं, "ताठा नाय गो त्यांना. ऐकू येत नाय." धोंडुबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

वरशाला कान्हूच्या अंगणात चार शेजारी बसलेले होते. पुंडलिकनं त्यांना उठू दिलं नाही. सगळ्यांच्या समोर, कान्हूच्या आईकडे बघून तो म्हणाला, "माझ्या हातून पातं चिरलं. तुझ्या लेकानं ते ओळखलं आणि माझ्यासाठी तोंड मिटून आळ अंगावर घेतला. आता मी त्याला न्यायला आलोय. येतो का विचार."

कान्हू उठून उभा राहिला. पुंडलिकनं ऐरणीवरची ती किल्ली खिशात आणली होती, ती त्याच्या हातात ठेवली.

सोमवारी सुभेदार हैबतराव आले, तेव्हा पुंडलिकनं त्यांना काही न लपवता सगळं सांगितलं. सुभेदार मोडलेल्या तुकड्यांकडे बघत बसले. मग उठून कृष्णाबाईला हात जोडले आणि म्हणाले, "दुसरा होईपर्यंत थांबतो. डुकरं काही कुठं जात नाहीत."

नवं पातं घडायला लागलं. भात्यावर कृष्णाबाई बसली. लग्न होऊन आली तेव्हा बसायची तशी, उघडपणे, सगळ्यांच्या देखत. पाणी किती कोमट हवं ते कान्हूनं बोट बुडवून ठरवलं, आणि पुंडलिकनं मान हलवली. एक दिवस सखाही आला. कुणी काही विचारलं नाही. त्यानं घण उचलला आणि भावाच्या हातोडीच्या खुणेवर मारायला लागला. दोघा भावांच्या घावांची लय ऐकायला रस्त्यावरची माणसं थांबायची.

पहिलं पातं पाण्यातून निघालं, तेव्हा पुंडलिकनं ते चिमट्यात लोंबतं धरून बारक्या हातोडीनं वाजवलं. या वेळी कानाशी नेलं नाही. बायकोकडे बघितलं.

"नाय," ती म्हणाली.

कान्हूला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सखालाही नाही. पुंडलिकनं कुणाला विचारलं नाही, पातं मोडीच्या ढिगात टाकलं आणि नव्यानं थर रचायला घेतले. नंतर सखानं ते पातं हळूच मोडून बघितलं. टोकाशी, तिळाएवढी चीर होती. त्यानं ती भावाला दाखवली, मग वैनीला वाकून नमस्कार केला.

दुसरं पातं झालं, तेव्हा सुभेदार हजर होते. जमादारही पेणहून मुद्दाम आला होता. गल्लीतली माणसं दारापाशी जमलेली. पुंडलिकनं पातं टांगतं धरलं आणि वाजवलं. आवाज निघाला आणि लोहारशाळेत भरून राहिला. सगळे कृष्णाबाईच्या तोंडाकडे बघत होते. ती डोळे मिटून, मान जरा कलती करून, तो पार विरेपर्यंत ऐकत राहिली.

"व्हय," ती म्हणाली.

पुंडलिकनं पातं खाली केलं. "कसा वाजला?" त्यानं विचारलं. "सांग मला."

तिनं विचार केला. घाई केली नाही. मग त्याला दिसेल असं बोलली, "लांब गेला. नदीपल्याड ऐकू गेला असंल. आपन नवीन होतो तवा तुमी वाजवायचा, तसा."

पुंडलिकच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते जमादारानं त्या घरात कधी बघितलं नव्हतं.

मंद आच, घासकाम, हिराकस, शिसवाची नवी मूठ, सगळं झाल्यावर पुंडलिकनं तो सुरा सुभेदारांच्या हातात स्वतः दिला नाही. कृष्णाबाईच्या हातात ठेवला आणि तिला पुढे केलं. पात्यावरच्या लहरी दारातल्या उजेडात चालल्यासारख्या दिसत होत्या. सुभेदारांनी मूठ आवळून बघितली, कान्हूकडे बघून मान डोलावली.

"सुभेदार," पुंडलिक म्हणाला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, कारण आपला आवाज किती मोठा आहे हे त्याला आता कळत नव्हतं आणि त्याची त्याला फिकीरही नव्हती, "ह्या पात्यात कधी काही खोट निघाली, तर माझ्याकडं नका येऊ. हिच्याकडं या."

माणसं हसली. कृष्णाबाई हसली नाही.

"या खुशाल," ती म्हणाली. "पन यायची पाळी येनार नाय."